वहिनींच्या हातची हळद

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात लागोपाठ दोन लग्नं झाली. एक सातारा जिल्ह्यात, आमच्या गावी, दुसरं सिंगापूरला. गावच्या लग्नातला नवरदेव फौजी, माझ्या चुलतभावाचा मुलगा. सिंगापूरची नवरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दोन्ही लग्नांत आम्ही दोघी बरोबर होतो, मी आणि नवरदेवाची आई, म्हणजे माझ्या वहिनी. वहिनींचे यजमान सैन्यात होते. काश्मीरमध्ये कर्तव्यावर असताना ते गेले, तेव्हा हा मुलगा बालवाडीत होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आमचं गाव सातारा-कराड रस्त्यावर, नागठाण्याहून आत. शेजारच्या अपशिंग्याला सगळा मुलूख अपशिंगे मिलिटरी म्हणतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात आहे. आमच्या गावाचा तेवढा बोलबाला नाही, पण इथंही भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी वर्दीतला फोटो नाही असं घर शोधावं लागेल. माझे पणजोबा 1916 साली मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले ते गेलेच. युद्ध संपल्यावर घरी आली ती काशाची एक गोल चकती. तळहातापेक्षा थोडी मोठी, त्यावर ब्रिटानिया आणि सिंह कोरलेला, बाजूला चौकटीत इंग्रजी अक्षरांत पणजोबांचं नाव. लढाईत मेलेल्यांच्या वारसांना इंग्रज सरकारनं अशा चकत्या पाठवल्या होत्या. पणजीनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

पणजीला मी पाहिलेलं आहे. कपाळ पांढरं, हात मोकळे. रोज अंघोळ झाली की ती त्या चकतीला हळदकुंकू लावायची. स्वतःच्या कपाळाला जे लावायची सोय नव्हती, ते ती नवऱ्याच्या नावाला लावायची. तिला इंग्रजी काय, मराठीही वाचता येत नव्हतं. पण बोटानं चाचपून नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं हे ती दाखवायची.

आईकडची तऱ्हा उलटी. माझं आजोळ कुंडलच्या बाजूचं. आज ते सांगली जिल्ह्यात येतं; त्या काळी कुंडल औंध संस्थानात होतं आणि भोवतालचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यात. 1942 च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथंच उभं राहिलं. लोकांना रेल्वे लुटल्याचं, तारा तोडल्याचं तेवढं आठवतं. पण त्या सरकारनं गावोगावी न्यायनिवाडे केले, दारूचे गुत्ते बंद पाडले, सावकारांना आणि गावगुंडांना वचक बसवला. आणि लग्नं लावली. गांधी विवाह म्हणायचे त्याला. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही. प्रतिसरकारातल्याच जी. डी. बापू लाडांचं स्वतःचं लग्न कुंडलला तसंच लागलं. माझ्या आजी-आजोबांचंही तसंच. सुताचे हार, अंगावर खादी आणि आलेल्या माणसांना गूळ-शेंगदाणे. आजी सांगायची, लग्नात बापाची जमीन गहाण पडली नाही अशी भावकीतली ती पहिलीच पोरगी.

दिवाळीत मामा आमच्याकडे आले की वडिलांचा आणि त्यांचा वाद ठरलेला. मामा म्हणायचे, ज्या सरकारचा पगार तुमच्या आज्यानं खाल्ला त्याच सरकारशी आमचे आबा लढले. वडील म्हणायचे, पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाला तुम्ही देशद्रोही म्हणता काय? आवाज चढायचे. आई मधे पडायची नाही. दोन्ही घरं तिचीच. देशभक्ती म्हणजे काय, हा प्रश्न मला शाळेच्या पुस्तकात नाही भेटला. तो असा घरच्या सोप्यात भेटला आणि आजवर माझ्या मागं आहे.

आता लग्नाकडे येते.

वहिनींचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. बेळगावच्या केंद्रात ट्रेनिंग घेऊन बाहेर पडला, तेव्हा कसम परेडला वहिनी गेल्या होत्या. यंदा वार्षिक सुट्टी मंजूर झाली आणि सुपारी फुटली. नवरी कऱ्हाडची, बी.एस्सी. झालेली. रजेच्या बेतानं तारीख काढायची म्हणजे गुरुजींपुढं पंचांग आणि शेजारी मुलाचा रजेचा कागद. मांडव दारातच घालायचा ठरलं होतं, लग्न तेवढं कार्यालयात.

हळदीच्या आदल्या दिवशी घरात बोलणं सुरू झालं. देवकाला कोण बसणार? चुलता-चुलती बसतील. घाणा कोण भरणार? पाच सवाष्णी. मुसळाला आणि जात्याला हळकुंडं बांधायची, हळद दळायची, आंब्याच्या पानानं नवरदेवाच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला लावायची, हे सगळं सवाष्णींनी करायचं. नावं ठरत होती आणि वहिनी चुलीपाशी बुंदीचं पीठ कालवत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही. बारा गावचं बोलणं ऐकून घेतलेली बाई. मुलाची फी, शेताची वाटणी, पेन्शनचे कागद, सगळं एकटीनं निभावलं. पण मुलाच्या अंगाला पहिली हळद लावायचा विषय निघाल्यावर त्यांनी आपणहून स्वयंपाकघर गाठलं होतं.

मुलगा बाहेर मंडपवाल्याशी बोलत होता. आत आला, ऐकलं आणि म्हणाला, “पहिली हळद आई लावंल. नायतर मला हळद नको.”

एवढंच. ना आवाज चढवला, ना भाषण केलं. घरात जे शांत झालं ते विचारू नका. एक मावळण म्हणाली, असं नसतं बाळा, तुझ्याच संसाराला बरं नाही ते. दुसरी म्हणाली, आपलं चालंल, पण उष्टी हळद नवरीकडं जायची असती, त्यांना चालंल का? ही अडचण मात्र खरी होती. नवरदेवाच्या अंगची उरलेली हळद नवरीच्या घरी जाते आणि तिला तीच लावतात. लोकांच्या मनातली भीती कुठं दडून बसलेली असते ते मला त्या प्रश्नात दिसलं. चालीरीती मोडायला एक घर तयार झालं तरी पुरत नाही, दुसऱ्या घराचा होकार लागतो.

मुलानं तिथंच नवरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती पोरगी काय बोलली हे मी जन्मभर विसरणार नाही. “आत्यांच्या हातची असंल तरच पाठवा,” असं म्हणाली. मग माझी चुलती, म्हणजे नवरदेवाची आजी, काठी टेकत उठली. नव्वदीला आलेली. ती स्वतः विधवा, आणि आयुष्यभर सगळं सोवळं पाळलेली. ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि म्हणाली, “ऊठ गं. लेक माझा गेला, नवरा तुझा गेला. पोरगं दोघींचं हाय. कोण काय म्हणतंय ते म्या बघते.”

वहिनी म्हणाल्या, “नगं आत्याबाई, उगं पोराला काय झालं तर...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पोरगा सीमेवर उभा राहणार आहे आणि ही बाई आपल्या हाताला घाबरते आहे, ही आमच्या समाजाची करणी. मला त्या क्षणी फार राग आला, आणि अजून तो गेलेला नाही. गुरुजींना विचारलं. ते तरुण होते, म्हणाले आईनं लेकराला हळद लावायला कुठल्याच शास्त्राची आडकाठी नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पानं हळदीत बुडवली. हात थरथरत होता, त्यामुळे पहिलं पान मुलाच्या पायाऐवजी पाटाला लागलं. मग मुलानंच त्यांचं मनगट धरून पायाला लावून घेतलं. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या थांबल्या, आणि त्यातल्या एकीनं ओवी धरली.

कार्यालयातलं लग्न थाटात झालं. मुलाचे सोबती रजा जुळवून आले होते. अक्षता पडल्या आणि त्यांनी पलटणीची ललकारी दिली, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय! अंगावर काटा आला. मग सत्कार सुरू झाले. एका पुढाऱ्यानं माइक घेतला, वहिनींना स्टेजवर बोलावलं, वीरपत्नी म्हणून शाल-श्रीफळ दिलं, भारतमातेचा जयजयकार झाला. टाळ्या खूप पडल्या. त्या टाळ्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. पण आदल्या दिवशी उठून गेलेल्या दोघीही टाळ्या वाजवत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शाल द्यायला कोणाचं काही जात नाही. हळद लावू द्यायला मात्र मनातली पिढ्यान्‌पिढ्यांची भीती सोडावी लागते. देशासाठी गेलेल्याच्या बायकोला आपण स्टेजवर मान देतो आणि मांडवात वगळतो, तर मग आपलं देशावरचं प्रेम स्टेजपुरतंच आहे असं म्हणावं लागेल. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मला विचाराल तर तो ठराव 15 ऑगस्टला झेंड्याखाली वाचून दाखवावा असा आहे.

सिंगापूरचं निमंत्रण आधीपासून होतं. बहीण म्हणाली, ताई, तू वहिनींना घेऊनच ये. दोघींचेही पासपोर्ट काढायचे होते. ऑनलाइन अर्ज, 1500 रुपये फी, ठरलेल्या वेळी पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात आधार, जन्माचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा घेऊन हजर राहायचं. तिथंच फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतात. पोलीस तपासणीला हवालदार घरी आला. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, माझा भाऊ याच रेजिमेंटला आहे. मग कागद बाजूला ठेवून बराच वेळ बोलत बसला. सिंगापूरचा व्हिसा एजंटमार्फत काढला, त्यासाठी बहिणीच्या यजमानांनी तिकडून परिचयपत्र पाठवलं. तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान आणि घड्याळ अडीच तास पुढं.

वहिनींच्या पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीची हळद. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण वहिनींनी ती निवडली ती रंगासाठी. म्हणाल्या, तिकडची कशी असंल कुणाला ठावं. आणि बहिणीच्या घरी पोचल्याबरोबर बहिणीनं जे केलं त्याला तोड नाही. तिला गावची हकिकत कळलेली होती. तिनं हळदीची पुडी वहिनींच्याच हातात परत दिली आणि म्हणाली, “वहिनी, इथंही सुरुवात तुमच्यापासून.” या वेळी हात थरथरला नाही.

नवरदेव सिंगापूरचा नागरिक, तमिळ. त्याचे खापरपणजोबा तंजावरकडून मलायात रबराच्या मळ्यात आले होते. लग्न दोनदा लागलं. आधी कायद्याचं. तिथं विवाह नोंदवायला परवानाधारक अधिकारी घरी किंवा सभागृहात येतो, 21 वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. मुलीकडून साक्षीदार मी. अधिकारी म्हणजे वयस्कर चिनी बाई. तिनं माझा पासपोर्ट तपासला, वधूवरांना एकेकाला विचारलं की कोणाच्या दबावाखाली तर नाही ना, मग दोघांनी आपापल्या तोंडानं एकमेकांचा स्वीकार केला आणि मी सही केली. सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं. मला आजीच्या त्या सुताच्या हारांच्या लग्नाची फार आठवण झाली. दुसऱ्या दिवशी नादस्वरम, केळीच्या पानावरचं जेवण आणि तीन गाठींची ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र. तिसरी गाठ नणंदेनं मारली. वहिनींना त्या रिवाजाचं फार कौतुक वाटलं.

लग्नाची गडबड ओसरल्यावर व्याही म्हणाले, तुम्ही फौजी घरातल्या, तुम्हाला दोन ठिकाणी नेतो.

पहिलं क्रांजी. शहराच्या उत्तरेला टेकडीवर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मशान आणि स्मारक आहे. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. मलाया-इंडोनेशियाकडच्या लढायांत, पुढच्या कैदेत किंवा या भागातल्या हवाई लढाईत मेलेल्या, पण कबर सापडली नाही अशा 24,000 हून अधिक लोकांची नावं तिथल्या खांबांवर कोरलेली आहेत. रेजिमेंटवार. पंजाब, गढवाल, शीख, गुरखा, डोग्रा, सॅपर्स, हॉस्पिटलवाले, खच्चरवाले. शिपाई, नाईक, हवालदार, अगदी स्वयंपाकीसुद्धा. ज्यांना अग्नी दिला अशा सुमारे 800 जणांचं, बहुतेक हिंदी सैनिकांचं, वेगळं स्मारक आहे. हिरवळ कापलेली, एकही दगड वाकडा नाही. ही देखभाल करणारं कॉमनवेल्थ मंडळ सहा देशांच्या पैशावर चालतं, त्यात भारत आहे.

बहिणीचा मुलगा मामींना, म्हणजे वहिनींना, नावं वाचून दाखवत होता. वहिनी खांबावर हात ठेवून ऐकत होत्या. एका खांबापाशी थांबून त्यांनी विचारलं, “वन्सं, ह्यांच्या घरी कळवाय कोण गेलं असंल?”

मला पणजी आठवली. पणजोबांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. इराकात बसऱ्याला जे स्मारक आहे त्यावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचे आकडे कोरलेले आहेत, नावं नाहीत. अमुक पलटणीचे इतके. नावं वेगळ्या वहीत नोंदवली. हा भेदभाव झाला हे त्या मंडळानं 2021 मध्ये अहवाल काढून कबूल केलं. भाच्यानं तिथंच मोबाइलवर शोधून पाहिलं. पणजोबांच्या नावाचे आणि आडनावाचे इतके शिपाई निघाले की आमचा कोणता ते ठरवता येईना. म्हणजे अख्ख्या जगात त्यांचं नाव एकट्याचं असं जर कुठं असेल, तर ते आमच्या देव्हाऱ्यात.

दुसरं ठिकाण समुद्राकाठच्या एस्प्लनेड बागेत. व्याह्यांचे थोरले चुलते मळ्यातून आझाद हिंद सेनेत भरती झाले होते, हे आम्हाला तिथं कळलं. फेब्रुवारी 1942 मध्ये सुमारे 40,000 हिंदी युद्धकैदी याच शहरात जपान्यांच्या हवाली झाले. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. जुलै 1943 मध्ये नेताजींनी इथल्या पदांग मैदानावर तिची मानवंदना घेतली आणि 21 ऑक्टोबरला कॅथे सभागृहात आझाद हिंद सरकार जाहीर केलं. मळ्यांतले तमिळ मजूर आणि त्यांच्या बायका-मुली हजारोंनी पुढं आल्या. सेनेतल्या हुतात्म्यांसाठी 8 जुलै 1945 ला नेताजींनी या बागेत स्मारकाची पायाभरणी केली. इंग्रज परत आले आणि माउंटबॅटनच्या हुकमानं ते पाडून टाकलं. 1995 मध्ये सिंगापूर सरकारनं त्या जागी खुणेची पाटी लावली. आज तिथं तेवढंच आहे.

व्याही चुलत्यांबद्दल सांगत होते आणि मला वडिलांचा नि मामांचा वाद ऐकू येत होता. एकाच शहरात, एका टोकाला सरकारच्या पलटणीत मेलेले आणि दुसऱ्या टोकाला त्याच सरकारविरुद्ध उठलेले. कित्येकदा एकाच पलटणीतले, एकाच गावचे. कोण खरा देशभक्त? मला ते दोन्ही जवळचे वाटले, कारण दोघांच्याही मागं घरं होती. क्रांजीतला शिपाई पोटासाठी आला असेल, पण ज्यांच्या पोटासाठी आला ती माणसं हाच त्याचा देश होता. आझाद हिंदवाल्यानं तोच देश मोठ्या अर्थानं पाहिला आणि त्यासाठी फाशीची जोखीम घेतली. त्याचं पाऊल मोठं, यात मला शंका नाही. मामांना मी आता तसं सांगेन. पण पणजोबांना कमी लेखू देणार नाही.

परदेशातून परत आलेले लोक दोन सूर लावतात. एकाला तिथलं सगळं सोन्याचं दिसतं आणि इथं सगळी घाण. दुसरा म्हणतो आपलंच थोर, त्यांच्याकडं आहे काय. मला दोन्ही सुरांचा कंटाळा आहे. तिथल्या शाळेत मुलं रोज प्रतिज्ञा म्हणतात. वंश, भाषा, धर्म न पाहता एक होऊन राहू, अशी तिची सुरुवात. आपली मुलंही सारे भारतीय माझे बांधव आहेत म्हणतात. तिथं त्यांनी सरकारी इमारतींत घरं देताना कुठल्या वंशाची किती कुटुंबं हे ठरवून दिलंय, म्हणजे शेजार मिसळलेलाच राहतो. बहिणीच्या मजल्यावर चिनी आजी, मलाय मास्तर आणि आमची ही मंडळी. त्यांना प्रतिज्ञा पाळायला कायदा करावा लागला, आपण निदान आठवण तरी ठेवावी असं वाटतं.

शेवटच्या रात्री खरा विषय निघाला. बहिणीचा मुलगा अठराचा झाला आहे. पासपोर्ट अजून भारताचा, पण आईबापांमुळे तिथला कायम रहिवासी. अशा मुलांना तिथली दोन वर्षांची लष्करी सेवा सक्तीची असते. बहीण रडकुंडीला आली होती. तिचं म्हणणं, माझ्या पोरानं दुसऱ्या देशाची वर्दी का घालायची? ज्यांच्या घरात चार पिढ्या फौजेत, त्यांच्या पोरानं? तिचे यजमान म्हणत होते, इथं राहायचं, शिकायचं, तर इथलं देणं द्यायला हवं. पोरगा खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “माझे सगळे मित्र जाणार आहेत. ते जाणार आणि मी नाही, असं मला नाही जमणार.”

सगळे वहिनींकडं बघायला लागले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यांनी बी मला लग्नाच्या आधी हेच सांगितलं हुतं. गावातली पोरं गेली म्हणून मी गेलो. देश-बिश सगळं नंतर कळलं, शेजारच्या बंकरमधल्यासाठी जीव तुटाय लागला तवा.” मग पोराकडं वळून, “जा तू. पण तुज्या आईला दर आठवड्याला फोन करायचा. वर्दी कुठलीबी असू दे, घरी वाट बघणारी बाई तीच असती.”

बहिणीचं समाधान पुरतं झालेलं नाही. मुलाला पुढं कधी तरी एक देश निवडावा लागेल, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ते दुःख तिचं आहे आणि मी त्याला सोपं म्हणणार नाही. पण त्या रात्रीनंतर तिनं यादी करायला घेतली. भरतीच्या दिवशी आईबापांना मुलाबरोबर टेकाँग बेटावरच्या ट्रेनिंग केंद्रापर्यंत जाता येतं, तिथली मेस बघता येते, हे कळल्यावर तिचा जीव जरा खाली बसला.

आम्ही गावी आलो तोवर वहिनींच्या मुलाची रजा संपली होती, तो युनिटला पोचला होता. सून इथंच आहे, तिचं एम.एस्सी.ला नाव घालायचं चाललंय. मुलाला सिंगापूरच्या भावाचं सगळं सांगितलं. त्यानं लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला आणि तो आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी ऐकला. बूट मिळाले की पहिल्या दिवशीच दिवसभर घालायचे नाहीत, थोडे थोडे घालून मऊ करायचे. मोजे जास्तीचे ठेवायचे, ओले मोजे तसेच घालायचे नाहीत. फोड आला तर फोडायचा नाही. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. उस्ताद ओरडतील, ते मनावर घ्यायचं नाही. आणि रात्री झोप येईल तेव्हा झोपून घ्यायचं, घरची आठवण सकाळी पळताना काढायची. बहिणीनं उलट विचारलंय, हळद नेऊ देतात का रे आत? लागलंखुपलं तर लावायला. त्याचं उत्तर अजून यायचंय, तो सध्या रेंजमध्ये नाही.